केलची पानं आणि सायकलची घंटा

जिचा सगळा जन्म सुरकुत्या मोडण्यात गेला, त्या बाईनं परसात लावावी तर नेमकी केल लावावी, हा मोठाच विनोद होता. केल म्हणजे कोबीच्या जातीची पालेभाजी, तिचं पान जन्मतःच चुरगळलेलं. लाँड्रीत दिवसभर इस्त्री फिरवून आलेली मावशी संध्याकाळी त्या झुडपांपुढं कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, "तुमच्यापुढं मात्र हात टेकले बाई."

सगळी गल्ली तिला इस्त्रीमावशी म्हणायची. घर तिचं सुटसुटीत. पुढच्या खोलीत नवऱ्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान, मधे स्वयंपाकघर, मागं परस. नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणायचे, मावशीसुद्धा. घर शाकाहारी होतं, पण कुणी तशी शपथ वगैरे घेतली नव्हती. केल, पालक, बिटाचा पाला, कांद्याची पात असं काहीबाही परसातून इतकं यायचं, की पोटात दुसऱ्या कशाला जागाच उरायची नाही. "आपण घरात नाही, गोठ्यात राहतो," मिस्त्री म्हणायचे. "वेळच्या वेळी हिरवा चारा मिळतो." असं म्हणून दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे.

त्या घरात वाढलेला भाचा तेवढा भाजीतले बटाटे वेचून खायचा आणि पानं ताटाच्या कडेला लावून ठेवायचा. त्याचं नाव बटाट्या पडलं. आता त्याचे केस पांढरे झाले, तरी ते नाव काही सुटलं नाही.

पानांच्या बाबतीत मावशीचा एक कायदा होता. पाणी उकळल्याशिवाय पान तोडायचं नाही. तोडलेलं पान वाट बघत बसलं की रुसतं, असं तिचं म्हणणं. म्हणून आधी पातेलं गॅसवर चढवायचं, मग सुरी घेऊन परसात जायचं, कोवळी पानं नजरेनं हेरून ठेवायची आणि थांबायचं. पाण्यावर नजर ठेवायचं काम मिस्त्रींचं. त्यासाठी त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला सायकलची घंटा ठोकली होती. झाकण नाचायला लागलं की हातातलं पंक्चर टाकून ते आत यायचे आणि घंटा वाजवायचे. ट्रिंग ट्रिंग. परसातून उत्तर यायचं, "आले, आले." पाठोपाठ मावशी, पदर खोचलेला, हातात पानांचा भारा, धावत. पानं उकळत्या पाण्यात बुडवून लगेच काढायची. मग लसणाच्या फोडणीत, वर शिजवलेले घेवड्याचे दाणे आणि बटाटे. हिरवा रंग असा, की पाहुणे आधी बघत बसायचे.

एकदा बटाट्यानं गंमत म्हणून उगाचच घंटा वाजवली. मावशी धावत आली, पाणी कोमट. त्या दिवशी बटाट्याला भाजीत एकही बटाटा मिळाला नाही.

गेल्या थंडीत मिस्त्री गेले.

त्यानंतर पातेली जळायला लागली. मावशी पाणी चढवायची, सुरी घेऊन परसात जायची, पानं हेरायची आणि थांबायची. घंटा वाजेपर्यंत. डोक्याला सगळं कळत होतं हो, पण हातापायांना कुणी कळवलंच नव्हतं. ती उभीच राहायची. शेवटी करपल्याचा वास यायचा.

आणि हीच मावशी, जिनं लाँड्रीत आयुष्यभरात एका कपड्यावर डाग पडू दिला नव्हता. लाज वाटून तिनं पहिलं काळं पातेलं केलच्या झुडपाखाली सरकवलं. केलची पानं मोठी असतात, पोटात पुष्कळ घालतात. मग दुसरं गेलं. मग तिसरं.

लाज एकवेळ गिळता आली असती. पण बटाट्याची बायको, म्हणजे सूनबाई, दवाखान्यात नर्स होती आणि तिचं नाक तयारीचं होतं. दोन वेळा आली, दोन्ही वेळा नाकपुड्या हलल्या. तिसऱ्या वेळी ती स्पष्टच बोलली. "मावशी, आमच्याकडे चला. खोली रंगवून ठेवलीय. एकट्या बाईनं असं गॅसपाशी..."

"तुमच्याकडे परस आहे?"

"गॅलरी आहे."

"गॅलरीत मी उभी राहीन, केल कुठं राहील?"

शेवटी ठरलं असं. रविवारी दोघांनी जेवायला यायचं, मावशीनं रोजच्यासारखा स्वयंपाक करायचा, मधे कुणी मदत करायची नाही. जमलं तर घर मावशीचं. नाही जमलं तर सामान बांधायचं.

रविवारी सूनबाई स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली. बटाट्या पुढच्या खोलीत मिस्त्रींच्या पान्यांवरची धूळ पुसत होता. मावशीनं पातेलं चढवलं, गॅस पेटवला आणि सुरी उचलली. आज विसरायचं नाही, असं स्वतःला बजावत ती परसात गेली. खिडकीची काच वाफेनं धुरकटली की परत फिरायचं, असा तिचा बेत होता. बेत चांगला होता. पण झुडपापाशी पोचताच एका पानावर अळी दिसली. ती काढली. शेजारचं पान कोवळं निघालं. त्याच्या शेजारचं आणखी कोवळं. सुरी धरून ती थांबली, आणि काच राहिली पाठीमागं.

आत झाकण नाचायला लागलं. सूनबाईनं घड्याळाकडे पाहिलं. ठरल्याप्रमाणे ती गप्प होती, पण खुर्चीच्या अगदी कडेला सरकली होती.

तेवढ्यात बटाट्या पाना हातात घेऊनच आत आला आणि त्यानं घंटा वाजवली. ट्रिंग ट्रिंग.

"अहो, आपलं ठरलं होतं ना?"

"मी नाही वाजवली," बटाट्या ओशाळून म्हणाला. "हात गेला."

परसातून आवाज आला, "आले, आले, मिस्त्री."

आणि मग काहीच नाही. पावलं नाहीत, धावणं नाही. दोघंही बाहेर गेली. मावशी पानांचा भारा छातीशी धरून झुडपापुढं बसली होती. सूनबाई तिला उठवायला वाकली, आणि तिथंच थबकली.

"मावशी, हे काय?"

"पातेली."

"ते दिसतंय. इथं का?"

"ऊन दाखवायला."

बटाट्यानं पानं बाजूला केली. "एक, दोन, तीन. मावशी, यंदा पातेल्यांचं पीक बरं आलंय."

मावशीला हसू आलं नाही. "बांधा सामान," ती म्हणाली. "मी घंटेची वाट बघते रे. वाजणार नाही हे माहीत असतं, तरी बघते. पाय हलतच नाहीत."

सूनबाई तिच्याजवळ मातीतच बसली. नर्सच्या कडक आवाजात तिला काहीतरी सांगायचं होतं, पण आवाज कडक निघेना. बटाट्याही बसला. तिघं तशीच बसून राहिली, मिस्त्रींच्या गोष्टी निघाल्या, त्यांच्या गोठ्याच्या विनोदावर सूनबाई पहिल्यांदाच हसली. आणि हसता हसता तिच्या नाकपुड्या हलल्या.

"करपतंय काहीतरी."

तिघं धावली. पातेल्यात पाण्याचा थेंब नव्हता. बूड काळं ठिक्कर.

मग मावशी हळूच म्हणाली, "गॅसपाशी खुर्ची टाकून कोण बसलं होतं गं?"

सूनबाईचा चेहरा बिटासारखा झाला. बटाट्यानं तोंड भिंतीकडे वळवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

"सामान राहू द्या," सूनबाई शेवटी म्हणाली. "पण मावशी, एक ऐका. आधी पानं तोडून आणायची. मग गॅस. आणि मग पातेल्यापासून हलायचं नाही. एवढं कराल?"

मावशीचा चेहरा उतरला. तिचा कायदाच उलटा टांगायला सांगत होती ही. "पानं रुसतील," ती म्हणाली. पण तिची नजर खिडकीबाहेरच्या झुडपांवर गेली, आणि तिनं मुकाट्यानं दुसरं पातेलं काढलं.

तोडलेली पानं ताटात वाट बघत बसली. पाणी उकळलं. लसूण, दाणे, बटाटे. जेवायला बसल्यावर मावशीनं पहिला घास डोळे मिटून खाल्ला. दुसरा खाल्ला. तिला खोड काढायची होती आणि ती सापडेना, याचाच तिला राग आला.

"काय रे, तुला काही फरक लागतोय?"

"बटाटे झकास आहेत," बटाट्या म्हणाला.

"तुला विचारण्यात अर्थ नाही." ती थोडा वेळ भाजी चिवडत राहिली. "म्हणजे इतकी वर्षं मी उगाच धावले?"

"उगाच कशाला?" बटाट्या म्हणाला. "घंटा वाजवून मिस्त्री दारातच उभे राहायचे, आठवतंय? गिऱ्हाईक पुढं हाका मारायचं, तरी हलायचे नाहीत. तू धावत येताना बघायचे."

त्या दिवशी मावशीनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

सोमवारी ती एकटीच होती. आधी पानं तोडली, धुतली, ताटात ठेवली. मग गॅस पेटवला आणि पातेल्यापाशी उभी राहिली. झाकण नाचायला लागलं, तेव्हा तिनं हात लांब करून चौकटीवरची घंटा वाजवली, आणि "आले, आले" म्हणत पदर खोचून तिथल्या तिथंच दोन पावलं घाईघाईनं टाकली.