आक्का, भाऊ आणि ढालीवरचा बैल

प्रिय नोआ आणि रूबेन,

तुमचा शाळेतला निबंध वाचला. ‘आमचे पूर्वज जहाजांचे मालक होते’ असं तुम्ही लिहिलंय. चूक तुमची नाही; भाऊ गेले तेव्हा पेपरात तसंच छापून आलं होतं, कंपनीच्या जुन्या माहितीपत्रकावरून. भाऊ म्हणजे तुमच्या आजोबांचे मोठे भाऊ, लीड्सचे तेलाचे व्यापारी, पुढे लॉर्ड झालेले. अशा वेळी खरं सांगायला आक्का असायच्या. त्या आता नाहीत, म्हणून मी, तुमची आजी, लिहिते.

आक्का या दोघा भावांच्या थोरल्या बहीण. आई गेल्यावर त्यांनीच दोघांना वाढवलं. कोणी थाप मारली की त्या मध्येच म्हणायच्या, “असं नव्हतं.” माझ्या लग्नात माझे मामा माझ्या स्वयंपाकाचं कौतुक करू लागले, तर भर हॉलमध्ये आक्का म्हणाल्या, “असं नव्हतं, मामा. हिला अंडं उकडता येत नाही. शिकेल.”

भाऊ लॉर्ड होणार हे ठरलं आणि घराण्याची ढाल, म्हणजे लॉर्ड लोकांचं घराण्याचं चिन्ह, सरकारदरबारी नोंदवायची वेळ आली. सोबत घराण्याचा इतिहास द्यायचा होता. माझं इंग्रजी चांगलं, म्हणून भाऊंनी सांगितलं तसं मी टाइप केलं: कोकणातलं जुनं व्यापारी घराणं, स्वतःची जहाजं. ढालीवर शिडाचं जहाज. रविवारी आक्कांच्या घरी मी ते मराठीत वाचून दाखवलं.

“छान लिहिलंयस,” आक्का म्हणाल्या. “कुणाचं घराणं हे?”

“आक्का, प्लीज,” भाऊ म्हणाले.

“बाबांना रेवसच्या होडीतसुद्धा उलटी व्हायची. आपण तेली. अलिबागजवळ आपला घाणा होता. शनिवारी आपला ज्यूंचा शब्बाथ, कामाला सुट्टी, म्हणून त्या दिवशी बैल सोडायचे. सगळा गाव शनिवार तेली म्हणायचा आपल्याला.”

“मग हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये तेली म्हणून उभा राहू?”

“तेल विकूनच चाललायस ना तिथं?”

भाऊ उठले. “तू येऊच नकोस समारंभाला.”

“नाही येणार.”

दारातून ते मला म्हणाले, “एस्तेर, उद्या पोस्टात टाक ते.”

पाकीट तीन आठवडे माझ्या पर्समध्ये राहिलं. दर शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावण्याआधी भाऊ आक्कांना फोन करत. तो बंद झाला. आक्का मात्र त्या वेळी फोनजवळ जाऊन बसत. चौथ्या शुक्रवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरातून भाऊंना मोबाइल लावला. “पाकीट टाकलेलं नाही. टाकणारही नाही. दुसऱ्या कुणाकडून टाइप करून घ्या.” ते खूप चिडले, बोलू नये ते बोलले. शेवटी विचारलं,

“कशी आहे ती?”

“फोनजवळ बसल्यात.”

थोड्याच वेळात बाहेरच्या खोलीतला फोन वाजला. आक्कांनी तो उचलला; भाऊ होते. मग एकदम म्हणाल्या, “बैल जुंपलेला नको रे! सुटा दाखव, घाण्याशेजारी बसलेला. शनिवार आहे हे कळायला हवं.”

समारंभाला त्या व्हीलचेअरमधून आल्या. पुढच्या हिवाळ्यात गेल्या.

भाऊंची पदवी त्यांच्याबरोबर संपली; ती मुलांकडे जात नाही. कंपनीही विकली गेली. नोंदलेल्या इतिहासाचं पहिलं वाक्य आक्कांचं आहे, इंग्रजी तेवढं माझं: आम्ही शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. ते त्या नोंदीत अजून आहे.