स्कॉटिश बंगल्याची बुजवलेली भोकं

"मॅडम, आधी सांगा, पाडाच लागते का?" प्रल्हादभाऊ राठोडांनी मला गाडीतून उतरूही दिलं नाही.

"अहो, बघू तरी द्या!"

मी यवतमाळची स्ट्रक्चरल इंजिनिअर. इमारत उभी राहील की नाही, एवढंच सांगते. हा बंगला कळंबच्या पलीकडे, कपाशीच्या शेतांत. इंग्रजांच्या काळात जिनिंगवाल्या एका स्कॉटिश कुटुंबानं बांधलेला. कोपऱ्यात गोल बुरूज, बर्फ घसरावा असं उभं छत, दिवाणखान्यात शेकोटी. यवतमाळात शेकोटी! हसूच येतं.

पण जमीन त्यांना कळली होती. काळी माती ओल धरते, म्हणून जोतं उंच, वर लाकडी फ्लोअर, खाली पोकळी आणि जोत्याला चारी बाजूंनी भोकं. वारा खेळला की लाकूड कोरडं राहतं.

राठोडांचा तांडा पूर्वी बैलांवर माल वाहायचा. बंगल्याचा चुना त्यांनीच आणलेला. साहेब लोक गेले तेव्हा प्रल्हादभाऊंच्या आजोबांनी हौसेनं बंगलाच विकत घेतला.

मी भिंतीला ओळंबा लावला. भिंतीचं पोट चांगलंच सुटलेलं. फ्लोअरची फळी उचलून तुळईत स्क्रू ड्रायव्हर खुपसला, तर मुठीपर्यंत आत गेला.

"जोत्याची भोकं कुठायत?"

"बुजवली. नाग निंगला होता न. याडी खाली फळ्यांवरच झोपते. तिनंच सांगतलं, सिमेंट भरून टाक." याडी म्हणजे त्यांची आई.

माझं डोकंच फिरलं. "अहो, बारीक जाळी ठोकायची! नाग बाहेर, वारा आत!"

ओल कोंडली. ती भिंतीत चढली, मागून वाळवी आली. तुळयांची टोकंच दोन्ही भिंतींना धरून असतात. ती कुजली आणि भिंती सुटल्या.

"काहीच नाही होत का?"

"नाही. पावसाळ्याआधी उतरवा. आजपासून आत कोणी झोपायचं नाही."

त्यांचे डोळे भरले. "याडीले भोकाचं सांगू नका, मॅडम. मनाले लावून घेईन."

म्हातारी ओसरीवर बसली होती. मी म्हटलं, "आजी, बंगल्याचं वय झालं हो."

"वय तं माह्यंही झालं," ती म्हणाली. "मी तं उभी हावो."

मी ओळंबा गुंडाळून पिशवीत टाकला.

बंगला उतरवला. जुन्या घरातलं काहीही बुजवायच्या आधी मला एक फोन करा. बघायचे मी पैसे घेत नाही, पाडा म्हणायचे घेते.