शेवटच्या पानावरची मावशी

अरे शहाण्या, तुझ्या पन्नाशीला प्रत्येकाने तुझ्यावर एकेक पान लिहायचं, असं तुझ्या बायकोने फर्मान काढलंय. आत्या गोड गोड लिहील अशी आशा असेल तर ती आत्ताच सोड. आणि "तसं नव्हतं गं आत्या" असं मध्ये बोललेलं चालणार नाही. म्हणून इथून पुढे तुला 'तो' म्हणते. गुमान ऐक.

तर हा एका सेवाकेंद्रात कामाला लागला. घरी अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल करायला सेविका पाठवणारं केंद्र. त्यांची वेबसाइट याने उभी केली. सेविका, रुग्ण, तक्रारी, रजा, साऱ्यांच्या नोंदी डेटाबेसमध्ये होत्या. पण प्रत्येकासाठी वेगळं पान लिहीत बसेल तर तो हा कसला! लग्नाच्या आमंत्रणांतही याने सगळ्यांना एकच मजकूर धाडला होता. सख्ख्या आत्याला 'आदरणीय महोदय'!

याने एकच क्लास, म्हणजे प्रोग्रामचा साचा, लिहिला. नोंदी उचलायच्या, सर्वांत नवी वर ठेवायची, एका पानावर मावतील तेवढ्या दाखवायच्या, उरलेल्या पुढच्या पानावर. बाकी याद्या म्हणजे या क्लासची लेकरं. बापाचे गुण आयतेच उचलायची. "साचा एक, माल कुठलाही घाला," हे तो येताजाता ऐकवायचा, म्हणून केंद्रात त्याचं नाव पडलं साच्या.

वेबसाइट झकास चालली, आणि केंद्रातल्या सर्वांत जुन्या मावशीचं काम बंद पडलं.

एका दुपारी ती त्याच्या टेबलापुढे खुर्ची ओढून बसली.

"काय रे साच्या, माझं नाव पुसलंस का?"

"छे हो मावशी! हे बघा." त्याने तिची नोंद उघडून दाखवली. नाव, अनुभव, सगळं जागच्या जागी. "काहीच बिघाड नाही."

"मग माझा फोन का वाजत नाही? असंच चाललं तर खोली सोडून जावयाकडे राहायला जावं लागेल. तिथं मी दोन दिवस बरी. तिसऱ्या दिवशी तो टीव्हीचा आवाज वाढवतो."

हा हसला. ती हसली नाही, तेव्हा याचंही हसू जिरलं.

तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. शेजारी एक गृहस्थ मोबाइलवर वडिलांसाठी सेविका शोधत होते. पहिलं पान वरून खाली सरकवलं, एका नावावर बोट टेकवलं, संपलं.

"पुढचं पान नाही बघितलंत?"

"पुढे आहे होय?" गृहस्थ म्हणाले.

मावशीची नोंद सर्वांत आधी भरलेली, म्हणून शेवटच्या पानाच्या तळाशी. तिथवर कोण कशाला जातंय?

हा पहिल्यापासून उतावळा. थेट बापालाच, म्हणजे त्या मूळ क्लासलाच सांगितलं, जुनी नोंद वर! आणि चहा प्यायला गेला. परत येतो तर केंद्राच्या व्यवस्थापकबाई घामाघूम. तक्रारींची यादीही उलटली होती. कधीचीच मिटलेली तक्रार वर आली आणि बाईंनी तत्परतेने त्या घरी फोन लावून माफी मागितली होती.

"काय म्हणाले ठाऊक आहे? 'अहो, जिची तक्रार केली तीच आता आमची सून आहे, शेजारीच उभी आहे!' साच्या, एकीसाठी सगळं घर उलटंपालटं केलंस!"

याने बापाला पुन्हा पूर्वपदावर आणलं आणि फक्त सेविकांच्या यादीला वेगळा क्रम दिला. पण जुन्या वर घातल्या तर नव्या पोरी तळाशी जाणार. म्हणून ठरवलं, जी सर्वांत जास्त दिवस रिकामी ती वर. काम लागलं की खाली.

"म्हणजे शेवटी साचा मोडलासच," बाई म्हणाल्या.

"मोडला नाही हो. एका लेकराला वेगळं वळण लावलं."

दुसऱ्याच दिवशी मावशीचा फोन वाजला. याला तेवढ्यावर चैन कुठलं? तिची खोली आत्याच्याच गल्लीत, म्हणून आत्याला गळ घातली. "तिच्या नोंदीत फोटोच्या जागी नुसती राखाडी बाहुली आहे गं. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत तिला नेऊन चांगला फोटो काढून आण. मी चढवतो."

आत्याने वार ठरवला, त्या दिवशी मावशीला काम लागलं. पुन्हा ठरवला, पुन्हा काम. परवा जिन्यात तिला हाताला धरून थांबवलं, तर हात सोडवून घेत म्हणाली, "आजींना आंघोळ घालायचीय, बाई. फोटोवाचून का कोणी उपाशी राहिलंय?"

आणि गेली. फोटो काही निघाला नाही.