उजव्या वळणावरचा सिग्नल

आमच्या घरी येणारा पाहुणा दारातच अंग चोरून उभा राहतो, कारण अर्ध्या हॉलमध्ये केम स्टेशन आहे. नवरा निवृत्त झाला तेव्हा शेजारणी म्हणाल्या, आता दोघं फिरा मनसोक्त. फिरलो की! रोज केमला जातो, तेही प्लायवूडच्या.

यांनी सगळी नोकरी डिझेल इंजिन चालवण्यात काढली. आता रुळांवर सगळीकडे विजेच्या तारा आल्या, जुनी इंजिनं गेली. मग यांनी पत्रा कापून स्वतःच एक बनवलं. मोटर कुठल्याशा मोडक्या खेळण्यातली. पण चालवायचं मात्र खऱ्यासारखंच. वेगाचा दांडा एकेक खाच चढवायचा, मध्ये थांबायचं, मी घाई केली की माझ्यावर डोळे वटारायचे.

त्या इंजिनाला केबिन एका टोकाला असते. तिच्या एका बाजूला आखूड नाक, दुसऱ्या बाजूला लांबलचक. लांब नाक पुढे ठेवून गाडी निघाली की डावीकडे बसलेल्या ड्रायव्हरला उजव्या वळणावर पुढचं दिसत नाही, आख्खं इंजिन आडवं येतं. मग उजवीकडचा असिस्टंट बघून मोठ्यानं सांगतो, "हिरवा." ड्रायव्हर तोच शब्द परत म्हणतो आणि सिग्नल नजरेच्या टप्प्यात आला की स्वतः खात्री करून घेतो. आमच्या घरीही नियम तोच; सिग्नल आपोआप बदलतात आणि असिस्टंट मी.

"हातानं उचलून फिरवा की इंजिन, आखूड नाक पुढं आलं की तुमचं तुमाला दिसंल," मी एकदा म्हटलं.

"खरं इंजिन उचलून फिरवत हुतो व्हय गं?"

त्या सकाळी माझी गवारीची भाजी करपायला आली होती. स्वयंपाकघराच्या दारातूनच, सवयीनं, न बघता मी ओरडले, "हिरवा!" यांनीही "हिरवा" म्हटलं, खाच चढवली आणि गाडी थेट उभ्या मालगाडीवर नेऊन घातली. दोन डबे खाली पडले. सिग्नल लालभडक होता.

मला हसूच आवरेना. लाल सिग्नल ओलांडणं हे ड्रायव्हरचं सगळ्यात मोठं पाप, आणि यांच्या हातून ते सबंध नोकरीत घडलं नव्हतं.

"तूच म्हनलीस की हिरवा!"

"मी म्हनलं, पन वळण सरळ झाल्यावर तुमी बघायचं का न्हाय?"

हे वाकून पडलेले डबे शोधू लागले. डबे उजव्या पायाशी होते आणि हे डावीकडे चाचपत होते. माझं हसणं थांबलं. उजव्या खांद्याला दाराची चौकट लागणं, उजवीकडे ठेवलेला चहाचा कप कलंडणं, हे सगळं महिनोन्‌महिने मी वेंधळेपणाच्या खात्यात टाकत आले होते. मला भीती वाटली, आणि रागही आला.

"उजव्या डोळ्यानं दिसंना झालंय नव्हं?"

"दिसतंय की."

दवाखान्याचं नाव काढलं की विषय बदलायचे. त्याचं कारण मला ठाऊक होतं. नोकरीत डोळ्यांची तपासणी आली की आमच्या घरात आठ दिवस कुणी मोठ्यानं बोलत नसे. तपासणीत नापास झालेल्या ड्रायव्हरला इंजिनावरून उतरवत. आता यांना कोण कुठून उतरवणार होतं? पण जित्याची खोड. आणि इकडे उरलेली नजरही जायची वेळ आली होती.

मग मी यांचाच नियम यांना लावला. असिस्टंटची हाक नाही, तर वळणावर गाडी पुढे न्यायची नाही. मी हाक देणं बंद केलं. हे लांब नाक पुढे करून गाडी वळणापर्यंत आणायचे, वाट बघायचे, मी तांदूळ निवडत बसायची. गाडी तिथंच उभी. न बघता पुढे नेणं यांच्या रक्तातच नाही. चौथ्या का पाचव्या दिवशी बटण बंद करून म्हणाले, "चल, चप्पल घाल."

डॉक्टरांनी डावा डोळा झाकून समोरचा तक्ता वाचायला सांगितला. हे ताठ बसले, जसे दर तपासणीला बसत असतील. तक्त्याकडे रोखून बघितलं. मग माझ्या दिशेला मान वळवून हळूच म्हणाले, "तू सांग की."

"बाई, तुम्ही बोलू नका," डॉक्टर म्हणाले.

मला तर अक्षरं सगळी दिसत होती. मी ओठ दाबून धरले.

"न्हाय दिसत," हे म्हणाले. डोळ्यांच्या डॉक्टरापुढे हे शब्द त्यांनी जन्मात पहिल्यांदा उच्चारले.

काचबिंदू निघाला. उजव्या डोळ्याचं गेलं ते येणार नाही, डाव्याचं आहे तेवढं औषधाच्या थेंबांनी राखायचं.

आता तरी आखूड नाक पुढे करतील असं मला वाटलं होतं. केलं नाही. रोज संध्याकाळी थेंब घालून झाले की गाडी वळणाशी येऊन उभी राहते. मी गॅस बंद करते, हात पुसते, सिग्नलपाशी जाऊन वाकते, डोळ्यांत तेल घालून बघते आणि मगच म्हणते, "हिरवा."

"हिरवा," हे म्हणतात, आणि गाडी सोडतात.