जाळ्याच्या दोऱ्यानं बांधलेली वायर

नारळी पुनवेच्या आदल्या दुपारी मी अलिबागहून रेवदंड्याला माहेरी आले, तेव्हा आई मशीनवर बसून भावाच्या होडीचा बावटा शिवत होती. आमच्या घरात विकतचा बावटा होडीला चालत नाही, आईनंच शिवायचा. मशीन तिच्या लग्नातली, काळी, पायाची. गुडघे गेल्यावर भावानं तिला मोटर बसवून दिली.

"सुईत दोरा ओव गो, मना दिसत न्हाय," ती म्हणाली.

सुई वर घ्यायला मी चाकाला हात लावला आणि झटक्यात मागे ओढला. अंगभर सणक गेली.

"आये, तुला हे असं रोज होतं?"

"हातान मुंग्या येतान. पावसाला लागल्यापासना. वय झाला गो, डाक्टर गोल्या देतो."

"वय कसलं, करंट आहे हा! मरशील एक दिवस!" मी ओरडलेच. आधी प्लग उपटला, मग खाली वाकून बघितलं.

वायर उंदरानं कुरतडली होती. आईनं ती जाळं सांधतात तशी सांधली होती. तारांना गाठी मारल्या, वरून जुन्या जाळ्याचा दोरा गच्च गुंडाळला आणि लोंबू नये म्हणून सगळं मशीनच्या लोखंडी पायाला बांधून टाकलं. त्या दोऱ्यात किती वर्षांचं मीठ मुरलेलं, त्यात पावसाळी दमट हवा. दोरा ओलाच होता. खाली कोबाही ओला, आणि आईचे पाय अनवाणी.

"फाटला का सांधायचा. टाकायचा कशाला?" ती वर मलाच म्हणाली.

मी वायरमन. अलिबागेत लोकांच्या बंगल्यांतल्या लायनी दुरुस्त करते आणि माझ्या आईच्या पायाशी हे! त्यात ती मागून सारखी विचारत होती, झाला का, झाला का. अर्धा बावटा बाकी होता, पूजा सकाळी. मला जमलं नाही तर ही बाई तोच दोरा पुन्हा बांधून शिवायला बसेल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

जुनी वायर मी मुळापासून काढली. माझ्या कामाच्या पिशवीतली तीन तारांची नवी जोडली, तिसरी, अर्थिंगची तार मशीनच्या अंगाला घट्ट आवळली. भिंतीतलं अर्थिंग तपासलं, ते शाबूत होतं. बटन चालू करून टेस्टर लावला. बोर्डात पेटला, मशीनवर पेटला नाही. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. बटन बंद केलं आणि चाकावर हात ठेवला.

"आये, आता तू बटन दाब."

ती उठली, गुडघे धरत आली. माझा हात बाजूला सारला आणि स्वतःचा पंजा चाकावर ठेवला.

"तू दाब. तुजी पोरां बारकी हान."

"आये, हात काढ."

"दाब म्हंते ना."

मी तिच्या तोंडाकडे बघत बटन दाबलं.

तिनं हात तसाच ठेवला. मग चाक हळूच फिरवून बघितलं.

"न्हाय गो. मुंग्या न्हायत," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून शिवायला बसली.

बावटा पुरा होईपर्यंत मी बटनावरचं बोट काढलं नाही.