नसलेली खुर्ची

आमच्या कर्वेनगरच्या ऑफिसात पोलिसांच्या प्रशिक्षणासाठी एक व्हीआर, म्हणजे आभासी दृश्य, तयार होत होतं. डोळ्यांवर हेडसेट चढवला की एक घर दिसायचं. तिथं भांडण होऊन गेलेलं असायचं आणि खुर्चीत एक बाई रडत बसलेली असायची. ते तपासायला कसबा पेठेतले एक हवालदार दर बुधवारी येत. टोपी माझ्या हातात देत आणि म्हणत, "अहो मॅडम, ही झापडं घोड्याला लावतात. आम्हाला कशाला?"

बाकीचे पोलीस त्या बाईशी उभ्यानंच बोलत आणि पैकीच्या पैकी गुण मिळवत. हवालदार मात्र एकदा तिच्याशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसायला गेले आणि सरळ फरशीवर आपटले. आम्ही सगळे हसलो.

कंबर चोळत ते म्हणाले, "रडणाऱ्या माणसाशी उभ्यानं बोलू नये. घरी शिकवलं नाही का कुणी?"

मी ओशाळले. माझ्या कामातली एवढी मोठी चूक तोवर कुणीच दाखवली नव्हती. समोरचा बसेपर्यंत बाई तोंडच उघडणार नाही, असा बदल मी त्याच आठवड्यात केला.

पुढच्या बुधवारी मी त्यांच्यामागे खरी खुर्ची ठेवली. हेडसेट घातलेल्या हवालदारांनी मागे हात नेऊन ती चाचपली आणि ते सावकाश टेकले.

"बोला ताई," ते म्हणाले, "मला घाई नाही."