चेरमनसाहेबांचा उपवास

दगडाबाईला माणसांचं फारसं कौतुक नव्हतं, आणि सोसायटीच्या संचालकांना तर ती माणसांत धरतच नसे. बावन्न वर्षांची बाई. निम्मं आयुष्य शिरूर कासारच्या माळावर शेरडांमागं गेलेलं. कोणतं शेरडू आजारी आहे ते त्याच्या चालीवरून सांगायची, आणि कोणता पुढारी खोटा आहे ते तर न बघताच.

गावच्या सहकारी सोसायटीनं छोटा कारखाना काढला आणि त्यात एक यंत्र आणलं. तेल काढून उरलेलं सोयाबीनचं पीठ थोड्या गव्हाच्या पिठासह त्यात घातलं की मऊ, चिवट वड्या बाहेर पडत. रश्शात टाकल्या तर दाताखाली मटणासारख्या लागत. चेरमन मोहनरावांनी पाकिटावर हसरा बोकड छापला आणि वर लिहिलं, ‘शाकाहारी मटण’. वडी चांगली होत होती, पण ती दगडाबाईमुळे. आलेलं पीठ हुंगायचं, चिमटीत दाबून बघायचं, प्रत्येक घाण्याची मूठभर वडी शिजवून चाखायची आणि मग रजिस्टरात सही करायची, हे तिचं काम. तिची सही असल्याशिवाय माल फाटकाबाहेर जात नसे.

एके दिवशी मोहनरावांनी तिला शाल-नारळ देऊन सत्कार केला. परवान्यावर जबाबदार व्यक्ती म्हणून तिचं नाव घातलं होतं. “आपली सोसायटी बायांना मान देती,” मोहनराव माईकवरून म्हणाले. या मानाचा अर्थ दगडाबाईला महिन्याभरानं कळला. अन्नखात्याचे निरीक्षक आले, बोकड बघून कपाळाला हात लावला. म्हणाले, “हे चित्र काढा, मटण हा शब्द काढा. सोया आणि गहू ठळक लिहा, काहींना ते बाधतं.”

“सायेब, आमच्या लोकान्ला दगड पचतोय,” मोहनराव हसले.

निरीक्षक हसले नाहीत. “दगडाबाई कोण? बाई, तुम्ही लक्षात ठेवा. खाऊन कुणाला काही झालं, तर मी आधी तुम्हाला धरणार.”

त्या दिवसापासून दगडाबाई संचालकांकडे बघायची ती गोचिडाकडे बघावं तशी.

उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही, तिथं यंत्राला कुठलं? कारखान्याला कुलूप लागलं. उरलेली एक म्हैस घेऊन दगडाबाई चारा छावणीत जाऊन राहिली. छावणीही मोहनरावांचीच. दुष्काळात गाव वाळत होतं आणि मोहनरावांच्या सदऱ्याची बटणं तटतटत होती. छावणीत सोयापेंड आली, लाल सुतळीनं शिवलेल्या पोत्यांतून. दगडाबाईच्या म्हशीनं ती एकदा हुंगली आणि तोंड फिरवलं. दोन दिवस उपाशी राहिली, पण त्या पेंडीला तोंड लावलं नाही. मुक्या जनावराला जेवढी अक्कल होती, तेवढी संचालक मंडळात सगळ्यांची मिळून नव्हती.

दसऱ्याच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघायची वेळ झाली. मुकादम भारतनं पन्नास पोती वडी मागितली. उसाच्या फडावर भाकरीबरोबर कोरड्यासाला तीच चालते. त्याच्या टोळीत दगडाबाईची लेक मुक्ता होती, जावई होता. सोयाबीन पिकलंच नव्हतं, तेलाच्या गिरणीनं पीठ द्यायला नकार दिला. तरी चार दिवसांत कारखान्याचं कुलूप निघालं, यंत्रासाठी पाण्याचा टँकर आला आणि पीठही आलं. कामावर परत बोलावलेल्या दगडाबाईनं पोतं बघितलं. लाल सुतळी. हात घातला तर आत हिरवट ढेकळं, कुबट वास. छावणीतली उरलेली पेंडच दळून आणली होती.

“ह्ये म्हशीनं सोडलंय,” ती म्हणाली.

“मसाल्यात कळत न्हाई बे कुणाला!” संचालक बंकट खेकसला. बाईला ‘बे’ म्हणायची त्याची रीत होती. “तू सही कर.”

दगडाबाईनं वाद घातला नाही. पहिल्या घाण्याची वडी निघाली तशी म्हणाली, “करते की. पण टोळी निघायची, मुकादमासंगं पंगत होऊ द्या. मीच रांधते.” फुकटचं जेवण म्हटल्यावर संचालक वेळेआधी हजर झाले.

मंगळवारी दुपारी पंगत बसली. दगडाबाईनं सगळ्यांना रस्सा वाढला. भारतनं भाकरी मोडली, घास उचलला, तोच तिनं त्याचं ताट मागं ओढलं. “तुमच्यासाठी न्हाई वाढलं, मुकादम. आधी चेरमनसायेब खातील. त्येंनी एवढं ताट खाल्लं की मी पन्नास पोत्यांवर सही करते.”

मोहनरावांनी रश्शाकडे बघितलं. छावणीतली पेंड त्यांनाही ओळखीची होती. “मी खाल्लं असतं,” ते म्हणाले, “पण आज माझा उपवास हाय. सोमवारचा.”

“आज मंगळवार हाय.”

“मंगळवारचा माझा हाय,” बंकट घाईघाईनं म्हणाला. त्याच्या मिशीला सकाळच्या खऱ्या मटणाचा तेलकट वशाट वास अजून तसाच होता. तिसऱ्याचं पोट बिघडलेलं निघालं, चौथ्याला डॉक्टरनं तिखट बंद केलेलं. पाच संचालक, पाच भरली ताटं, आणि एकाचाही हात पुढं येईना.

भारत उठला. “आमच्या लेकरांना ह्ये चारणार होतास व्हय, मोहन्या?” एवढंच बोलून तो निघून गेला.

दगडाबाईनं रजिस्टर उघडलं आणि हळूहळू अक्षरं गिरवत लिहिलं: माल नापास. खाली सही केली, तारीख टाकली.

“उद्यापसून कामाला येऊ नको,” मोहनराव ओरडले.

“न्हाई येत. परवान्यावर आता नाव कुणाचं टाकता?”

पाचही संचालक चपला शोधायला उठले. त्यांच्यातल्या कुणीही आपलं नाव दिलं नाही. कारखान्याला पुन्हा कुलूप लागलं, ते अजून तसंच आहे.

दगडाबाईचा रोजगार मात्र गेला. गुरुवारी ती लेकीच्या टोळीबरोबर ट्रकमध्ये बसली, बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा ऊस तोडायला. सत्काराची शाल तिनं सोबत घेतली होती. फडात ती तिची चुंबळ करते आणि डोक्यावर ठेवून वर उसाची मोळी घेते.